तहानेचा अभ्यास

जें दुःख घरबसल्या आणि फुकट मिळतें तेंच दूर देशीं जाऊन, द्रव्य खर्चून आणि चार लोकांना आधीं कळवून भोगण्याची हौस मनुष्यास कां व्हावी, या प्रश्नाकडे तत्त्वज्ञांचें लक्ष अद्याप गेलेलें दिसत नाहीं. कोंकणांतला मनुष्य पाऊस पाहण्यास चेरापुंजी गांठतो, सह्याद्रीच्या कुशींत वाढलेला हिमालयाच्या चढणीस लागतो, आणि ज्याच्या गांवचे नळ चैत्र लागण्यापूर्वींच सुस्कारे टाकूं लागतात असा लातूरचा मनुष्य वाळवंट पाहावयास निघतो. या तिसऱ्या वर्गांत आमची नुकतीच गणना झाली असल्यामुळें प्रस्तुत विषयावर दोन शब्द लिहिण्याचा अधिकार आम्हांस पोंचतो, असें आम्ही समजतों.

हकीकत अशी कीं, एका पदभ्रमण-मंडळानें येत्या फाल्गुनांत जैसलमेर जिल्ह्यांतल्या वाळवंटांतून दहा दिवसांत सुमारें दोनशें किलोमीटर चालण्याचा बेत आंखला आहे. वीस-बावीस मंडळी, सामान वाहण्यास उंट, रात्रीं तंबू, पहांटे कूच, आणि साठ वर्षांपर्यंतच्या कोणाही धडधाकट मनुष्यास मज्जाव नाहीं, असें त्यांचें पत्रक आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें आम्हांस आणून दिलें. आमचें वय पंचावन्न. 'साठ वर्षांपर्यंत' हे शब्द वाचतांच आमच्या मनांत जी खळबळ उडाली ती आमच्या वयाच्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाहीं, आणि इतर वयाच्या वाचकांस समजावून सांगून उपयोग नाहीं. आम्हीं नांव नोंदविलें.

ही वार्ता घरांत फुटली तेव्हां आमच्या सौभाग्यवतींनीं हातांतलें काम न थांबवितां एवढेंच विचारलें, “अहो, आपल्याकडचा उन्हाळा आतां कांहीं महिन्यांवर आहे. तेवढा धीर धरवत नाहीं का?” महाविद्यालयांतील सहकाऱ्यांत दोन तट पडले. एका तटाच्या मतें हें वय गुडघे जपण्याचें होतें, दुसऱ्या तटाच्या मतें हें वय मुलींचीं लग्नें उरकण्याचें होतें. भूगोलाच्या प्राध्यापकांनीं मात्र आपल्या शास्त्रास धरून भाषण केलें. ते म्हणाले, “जैसलमेरास वर्षाकाठीं दोनशें मिलिमीटरांहून कमी पाऊस पडतो, लातुरास सरासरीनें आठशें. तेव्हां आपण चौपट ओल्या मुलखांतून कोरड्या मुलखांत चाललां आहांत, एवढें ध्यानांत असूं द्या.” 'ओला मुलूख' हा शब्द ऐकून सर्व मंडळी पोट धरधरून हंसलीं. आम्हीही हंसलों. पुढें मात्र तो आंकडा आमच्या डोक्यांतून जाईना.

कोजागिरीपासून आम्हीं चालण्यास आरंभ केला. क्रीडाशिक्षकांनीं एक तक्ता आंखून दिला होता. पहिल्या पंधरवड्यांत रोज पांच किलोमीटर, मग आठ, मग बारा. आठवड्यांतून एक लांबची मजल व एक दिवस संपूर्ण विश्रांति. आणि दोन महिन्यांनंतर पाठीवर ओझें. लांबच्या मजलेसाठीं आम्हीं औशाचा रस्ता निवडला. लातूरहून औसा वीस किलोमीटर. पहांटे निघावें, किल्ल्याच्या दाराशीं चहा घ्यावा, आणि एस.टी.नें घरीं परतावें, असा रविवारचा क्रम ठरून गेला. या रस्त्यावर आम्हांस एक सामाजिक शोध लागला. देवासाठीं चालणारा मनुष्य मराठवाड्यांत सर्वांस समजतो, पोटासाठीं चालणाराही समजतो. परंतु चालण्यासाठीं चालणारा मनुष्य कोणासच समजत नाहीं. दर पांच-दहा मिनिटांनीं एखादी मोटारसायकल जवळ येऊन थांबे. “सर, गाडी बंद पडली का? बसा, सोडतो.” नको म्हटलें म्हणजे त्या भल्या माणसाच्या चेहऱ्यावर काळजी उमटे. एक म्हातारे शेतकरी अर्धा किलोमीटर आमच्याबरोबर चालत आले आणि शेवटीं न राहवून म्हणाले, “नवस हाय का?” आम्हीं नाहीं म्हणून सांगितलें. “मग डाक्टरनं सांगितलं आसंल,” असें उत्तर त्यांचें त्यांनींच दिलें, आणि त्यांचें समाधान झालें.

ओझ्यासाठीं आरंभीं आम्हीं ग्रंथ वापरले. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे दोन खंड पाठीशीं बांधले असतां मराठी भाषेचें वैभव खांद्यांस फार स्पष्टपणें जाणवतें. परंतु खंडांच्या कडा पाठींत रुतूं लागल्या, म्हणून पुढें पाण्याच्या बाटल्या भरून घेऊं लागलों. एक लिटर पाणी म्हणजे एक किलोग्राम, हें आम्ही शाळेपासून जाणतों. आठ लिटर पाठीवर घेऊन औशापर्यंत गेल्यावर तें खरें जाणलें. पाणी ही एक वजनदार वस्तु आहे, आणि ती ज्याच्या डोक्यावर कधीं चढली नाहीं त्यास तिची किंमत केवळ ऐकून ठाऊक असते, ही गोष्ट आमच्या तयारींत प्रथम येथें शिरली.

वाळवंटांत चालण्याचा सराव वाळूंत करावा, हें उघड आहे. १९९८ सालीं बेल्जियमच्या संशोधकांनीं मोजून दाखविलें कीं, त्याच वेगानें चालतांना कठीण जमिनीपेक्षां वाळूवर मनुष्याची शक्ति दुपटीहून अधिक खर्च होते. पाऊल मागें सरकतें, आणि टाचेखालची वाळू हलविण्यांत कष्टांचा मोठा भाग व्यर्थ जातो. परंतु लातुरांत वाळू आणावी कोठून? आमची जमीन काळी कपाशीची. पावसाळ्यांत ती पायांस धरून ठेवते आणि उन्हाळ्यांत हात जाईल एवढ्या भेगा दाखविते. पिंढरीच्या व्यायामास ती उत्तम. पण ती वाळू नव्हे. वाळू असावयाची ती नद्यांच्या पात्रांत. मांजरेकांठीं जाऊन पाहिलें तों पात्रांत दगड आणि खड्डे मात्र दिसले. वाळू मालमोटारींत बसून शहरांतल्या बांधकामांवर कधींच निघून गेली होती. अखेरीस शेजारच्या नव्या बांधकामापुढें पडलेला ढीग आम्हांस उपयोगी पडला. सायंकाळीं गवंडी गेल्यावर पाठीवर ओझें घेऊन त्या ढिगावर चढणें आणि उतरणें, असा कार्यक्रम आम्हीं तीन आठवडे चालविला. घरमालक सज्जन होते. त्यांनीं एकदांच विचारलें कीं, यानें वाळू कमी तर होत नाहीं ना?

खरी वाळू भेटली ती नांदेडास. परीक्षेच्या कामानिमित्त आम्हांस नांदेडच्या विद्यापीठांत वरचेवर जावें लागतें. हें विद्यापीठ १९९४ सालीं स्थापन झालें. तें विष्णुपुरीस आहे, आणि विष्णुपुरीच्याच धरणानें गोदावरी तेथें अडविलेली आहे. काम आटोपल्यावर धरणाच्या खालच्या अंगास नदीकांठीं उरलेल्या वाळूच्या एका पट्ट्यांत आम्ही तासभर ये-जा करीत असूं. गोदावरीचें पाणी एका हातास आणि वाळू पायांखालीं, अशा स्थितींत वाळवंटाची कल्पना करणें अवघड होतें. पण पायांस कल्पनेची गरज नसते. वाळूंत टाच आधीं न टेकतां सपाट पाऊल टाकावें, पावलें आंखूड ठेवावीं, आणि पुढें गेलेल्याच्या पावलांत पाऊल टाकावें, हें पायांनीं चारच दिवसांत शिकून घेतलें.

जातां येतां लोहा तालुक्यांतलें माळेगांव लागतें. मार्गशीर्षांत खंडोबाच्या यात्रेस तेथें जनावरांचा मोठा बाजार भरतो. घोडे, गाढवें आणि उंटही येतात. उंटाशीं ओळख करून घेण्याची ही संधि आम्हीं दवडली नाहीं. उंटानें आमच्याकडे ज्या मुद्रेनें पाहिलें ती आम्हांस परिचित वाटली. परीक्षक उत्तरपत्रिकेकडे याच मुद्रेनें पाहतात.

पायांची निगा हा या शास्त्रांतला सर्वांत मोठा अध्याय. येथें इंग्रजी पुस्तकांपेक्षां वारकऱ्यांचा अनुभव अधिक उपयोगी पडला, आणि तें साहजिक आहे. लांब पल्ल्याची, ठरल्या मुक्कामांची, शिस्तबद्ध पदयात्रा ही कांहीं परदेशांतून आलेली कल्पना नव्हे. आळंदीची पालखी आज ज्या शिस्तीनें अडीचशें किलोमीटर चालते ती शिस्त एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हैबतबाबा आरफळकरांनीं लावून दिली. दिंड्यांचे क्रम, मुक्काम, सामानाची व्यवस्था, सर्व कांहीं नेमलेलें. शेगांवची गजानन महाराजांची पालखी तर महिन्याहून अधिक काळ चालते, आणि ज्येष्ठाच्या उन्हांत परळी-अंबाजोगाईवरून आमच्याच मुलखांतून पुढें जाते. लातूर आणि नांदेडकडच्या खेड्यापाड्यांतून निघणाऱ्या लहान दिंड्या वेगळ्याच. अशा दिंडीबरोबर वीस वर्षें चाललेल्या एका वृद्ध वारकऱ्यांनीं आम्हांस सांगितलें कीं, जोडा नवा घालून निघूं नये. रात्रीं तळव्यांस तूप लावून कांशाच्या वाटीनें घांसावें. आणि फोड येण्यापूर्वीं जागा तापते, तेव्हांच थांबावें, देवही थांबतो. या तिसऱ्या सूचनेंत सर्व शास्त्र आलें. फोड आल्यावर त्यांतून सुईनें दोरा ओंवावा असेंही ते म्हणाले. पण आमच्या डॉक्टरांनीं तें मान्य केलें नाहीं. कांशाची वाटी मात्र त्यांनीं मान्य केली, आणि ती आमच्या घरांत आजीच्या मागें पुन्हां एकदां कामास लागली.

आहाराच्या बाबतींत आमच्या सौभाग्यवतींनीं सूत्रें हातीं घेतलीं, आणि त्यांच्या विरोधाचा अंत तेथेंच झाला. कारण ज्या बेतासाठीं आपण डबे भरतों त्याविरुद्ध फार काळ बोलतां येत नाहीं. दशम्या तीन दिवस टिकतात, धपाटे दोन दिवस, सातूचें पीठ आणि गूळ महिनाभर. शेंगदाण्याच्या चटणीस अंतच नाहीं. पत्रकांत सुचविलेले परदेशी पौष्टिक तुकडे त्यांनीं विकत आणून पाहिले, त्यांवरचा घटकांचा मजकूर चष्मा लावून वाचला, आणि “ही तर शेंगदाण्याची चिक्की” असा निकाल दिला.

असल्या उद्योगांत पूर्वीं कोणी यश मिळविलें याची माहिती काढणें हा प्राध्यापकाचा स्वभाव आहे. अरबस्तानांतील निर्जन वाळूचा प्रदेश १९४६ ते १९४८ या काळांत बेदू लोकांबरोबर उंटांवरून आणि पायीं ओलांडणारा विल्फ्रेड थेसिगर आम्हीं तरुणपणीं वाचला होता. तो पुन्हां काढला. परंतु त्याहून अधिक धीर दिला तो घरच्या उदाहरणानें. पुण्याच्या सुचेता कडेठाणकर यांनीं २०११ सालीं मंगोलियांतलें गोबीचें वाळवंट एका आंतरराष्ट्रीय तुकडीबरोबर पायीं पार केलें. सुमारें १६२३ किलोमीटरांची ती वाट ५१ दिवसांची होती, आणि ती चालून जाणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. त्यांच्या सोळाशेंपुढें आमचे दोनशें म्हणजे घरापासून वाण्याच्या दुकानापर्यंत जाणें होय. पण मराठी पायांस वाळवंट वर्ज्य नाहीं, एवढें त्यावरून सिद्ध होतें.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. पाय, पाठ, पोट यांची तयारी झाली; उरली तहान. आमची अशी समजूत होती, आणि पुष्कळांची अजून असेल, कीं तहानेचाही अभ्यास करतां येतो. रोज थोडें थोडें कमी प्यावें, म्हणजे शरीर थोड्या पाण्यावर भागवूं लागतें. सैन्यांतूनही एके काळीं हाच समज दृढ होता. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळीं अॅडॉल्फ नांवाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानें आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं कॅलिफोर्नियाच्या वाळवंटांत सैनिकांवर प्रयोग करून हा समज तपासला. त्यांचा ग्रंथ १९४७ सालीं प्रसिद्ध झाला. निष्कर्ष दोन. पहिला असा कीं, उष्णतेची संवय मनुष्यास होते. एक-दोन आठवडे रोज उन्हांत श्रम केले असतां घाम लवकर सुटूं लागतो, त्यांतलें मीठ कमी होतें, हृदयाचे ठोके पूर्वींइतके चढत नाहींत. दुसरा निष्कर्ष असा कीं, पाण्याच्या अभावाची संवय मुळींच होत नाहीं. कमी पाणी देऊन ठेवलेला सैनिक कांहीं कमी पाण्यांत चालावयास शिकला नाहीं; तो फक्त लवकर पडला. शिवाय कोरड्या हवेंत घाम उडून जातो, दिसत नाहीं. आणि श्रमणारा मनुष्य पाणी हाताशीं असूनही शरीरांतून गेलें त्यापेक्षां कमी पितो. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहतां पीत राहावें. आणि नुसतें पाणीही भरमसाट पिऊं नये. घामाबरोबर गेलेलें मीठ परत मिळालें पाहिजे. आमच्या डॉक्टरांनीं लहान मुलांच्या हगवणीचेंच औषध आम्हांस लिहून दिलें: एक लिटर पाण्यांत सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

मोरोक्कोच्या सहारांत १९८६ सालापासून एक प्रसिद्ध शर्यत भरत आली आहे. सुमारें अडीचशें किलोमीटरांची. तींत भाग घेणाऱ्यानें आपलें अन्न आणि अंथरूण आपल्याच पाठीवर वाहावें असा कडक नियम आहे. पाणी मात्र संयोजक देतात. उपाशी राहण्याचें, थकण्याचें, उन्हांत भाजण्याचें स्वातंत्र्य माणसास देणारे लोकही तहानेचें स्वातंत्र्य देत नाहींत. कारण तेथें धैर्याचा कांहीं संबंध उरत नाहीं. आमच्या पत्रकांतही हेंच कलम होतें: प्रत्येकास रोज आठ लिटर पाणी मिळेल, स्वयंपाकाचें वेगळें.

हा आठाचा आंकडा वाचून आमच्या सौभाग्यवतींनीं पत्रक खालीं ठेवलें आणि त्या म्हणाल्या, “आपल्याला सोळा सालीं एवढें मिळत होतें का हो?”

तेथेंच आम्हीं कागद-पेन्सिल घेतली. २०१४ आणि २०१५ असे लागोपाठ दोन पावसाळे आमच्याकडे रुसले होते. २०१६ च्या उन्हाळ्यांत लातुरास पाणी पुरविणारें धनेगांवचें मांजरा धरण कोरडें पडलें. मार्चांत पाण्याच्या टाक्यांपाशीं गर्दी व मारामाऱ्या होऊं नयेत म्हणून जमावबंदीचें १४४ कलम पुकारावें लागलें. आणि एप्रिलांत मिरजेहून सुमारें साडेतीनशें किलोमीटरांवरून आगगाडीनें पाणी आलें. त्या गाडीस 'जलदूत' असें नांव होतें. पहिल्या खेपेस दहा वाघिणी, प्रत्येकींत पन्नास हजार लिटर, एकूण पांच लक्ष. २०११ च्या शिरगणतींत लातूर शहराची वस्ती सुमारें ३ लक्ष ८० हजार. म्हणजे त्या पहिल्या गाडीनें माणशीं सव्वा-दीड लिटर पाणी आणलें. पुढें पन्नास वाघिणींची गाडी येऊं लागली, तेव्हां माणशीं साडेसहा लिटर. आमच्या गल्लींत त्या दिवसांत आठ दिवसांनीं टँकर येई आणि घरटीं दोनशें लिटर मिळे. आम्ही घरांत चौघें. चौघांचा आठ दिवसांनीं भागाकार केला, तों उत्तर आलें सव्वासहा. त्यांत पिणें, स्वयंपाक, आंघोळ, धुणें, भांडीं आणि पाहुणे. जैसलमेरच्या वाळूंत आम्हांस रोज नुसतें पिण्यासाठीं आठ मिळणार आहे.

हा हिशेब झाल्यावर भूगोलाच्या प्राध्यापकांचा विनोद आम्हांस पुन्हां आठवला. आठशें मिलिमीटरांच्या गांवास आगगाडीनें पाणी आणावें लागलें. मग दोनशेंच्या आंत पाऊस पडणारें जैसलमेर आठशें वर्षांहून अधिक काळ उभें राहिलें तें कशाच्या बळावर? याचें उत्तर अनुपम मिश्र यांच्या 'राजस्थान की रजत बूँदें' या १९९५ सालीं निघालेल्या हिंदी पुस्तकांत मिळालें. तें पुस्तक आमच्या तयारीच्या सामानांत आतां पहिल्या जागीं आहे. जैसलमेरच्या वेशीशीं गडसीसर नांवाचा तलाव चौदाव्या शतकांत महारावळ गडसी यांनीं बांधविला. पालीवाल लोकांनीं खडीन रचले. म्हणजे खडकाळ उतारावरचें पाणी मातीच्या बांधानें शेतांतच अडवावें, तें मुरूं द्यावें, आणि त्या ओलींत गहूं पेरावा. घरोघरचें अंगण उतरतें करून त्यावरचें पाणी झांकलेल्या टांक्यांत घ्यावें. जेथें वाळूखालीं खडियाचा थर आहे तेथें खारें पाणी थराखालीं व गोडी ओल थरावर राहते. तेथें अरुंद कुंई खणावी आणि त्या ओलींतून थेंब थेंब झिरपणारें पाणी दिवसाकाठीं दोन-तीन घागरी मिळवावें. त्या लोकांनीं पावसाची बरसात 'किती कमी' म्हणून मोजली नाहीं. थेंब किती आले तें मोजलें. आम्हीं मात्र आठशेंच्या भरंवशावर हंगामास सुमारें दोन हजार मिलिमीटर पाणी पिणारा ऊस पिकविला, सातशें-आठशें फूट खोल बोअर पाडले, आणि घरांच्या छपरांवरून वाहणारें पाणी गटारांस अर्पण केलें. वाळवंट हें पावसाच्या आंकड्यानें ठरत नाहीं, असें आमचें मत होत चाललें आहे.

बाहेरगांवच्या सभांतून आणि वर्तमानपत्रांतून एक वाक्य आमच्या कानीं वारंवार येतें: मराठवाड्याच्या लोकांस दुष्काळाची संवय आहे. हें वाक्य सहानुभूतीनें उच्चारतात, त्यामुळें त्याचा राग येत नाहीं. पण त्याचा परिणाम वाईट होतो. ज्यास संवय आहे त्यास मदत थोडी उशिरां पोंचली तरी चालते, असें त्या वाक्यांतून आपोआप निघतें. शास्त्र असें म्हणतें कीं, उन्हाची संवय आम्हांस आहे; कष्टांची आहे; तहानेची नाहीं, आणि ती कोणासच कधीं होणार नाहीं.

आमच्या घरीं धुण्याभांड्यास येणाऱ्या मावशींनीं हेंच दुसऱ्या शब्दांत सांगितलें. आमची पाठीवरची पिशवी आणि बाटल्या पाहून त्या एके दिवशीं म्हणाल्या, “सर, पाणी न्हाई तिथं पैसे भरून कशाला जायलाव?” आम्हीं दोनशें किलोमीटरांचा बेत त्यांस समजावून दिला. त्यांनीं थोडा विचार केला. सोळा सालीं त्यांच्या वस्तीपासून किलोमीटरभर अंतरावर एका शेतांतला बोअर चालू होता. दिवसाकाठीं चार खेपा. जातांना रिकामी घागर, येतांना भरलेली. फाल्गुन अर्धा झाला तेव्हां सुरू झालें तें मृगाचा पाऊस पडेपर्यंत. आम्हीं हिशेब केला: रोज आठ किलोमीटर, पाऊणशें दिवस, सहाशें किलोमीटर. निम्मी वाट भरल्या घागरीची. आम्हीं तो आंकडा त्यांस सांगितला तेव्हां त्यांस विशेष कांहीं वाटलेलें दिसलें नाहीं. आम्हीं विचारलें, “मग शेवटीं शेवटीं संवय झाली असेल?” त्या म्हणाल्या, “पायाला झाली. तहानेला कुठं व्हतीया?”

आमच्या दोनशें किलोमीटरांस तंबू आहे, उंट आहे, डॉक्टर आहे, आणि अकराव्या दिवशीं घरीं परतण्याचें तिकीट आहे. हौसेनें पत्करलेल्या कष्टांत हें तिकीट फार मोठी वस्तु असतें. तेंच खिशांत असल्यामुळें कष्टांस गोडी येते. म्हणून अशा पदयात्रेस तपश्चर्या म्हणणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. ती सहलच आहे, आणि सहल म्हणून ती चांगली आहे. पंचावन्नाव्या वर्षीं मनुष्यानें आपले पाय अजून आपलेच आहेत कीं नाहींत हें पाहून घ्यावें, यांत कांहीं गैर नाहीं. आम्ही जाणार आहों. उन्हाची संवय करण्यासाठीं या माघांत आम्ही दुपारीं दोन ते चार या वेळांत चालतों आहों, आणि डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणें पंधरा दिवसांत घाम लवकर सुटूं लागला आहे. कॅलिफोर्नियाचा निष्कर्ष लातुरासही लागू पडतो.

तयारीच्या तक्त्यांत मात्र एक कलम नव्यानें शिरलें आहे. आमच्या घराची गच्ची सुमारें शंभर चौरस मीटरांची. सरासरीच्या वर्षीं तिच्यावर आठशें मिलिमीटर पाऊस पडला तर तो ऐंशीं हजार लिटर होतो; गळती, उडती आणि पहिल्या सरीची धूळ वजा घातली तरी साठ हजारांच्या वर उरतो. जलदूताच्या एका वाघिणींत पन्नास हजार मावत. म्हणजे दरवर्षीं एका वाघिणीहून अधिक पाणी आमच्याच डोक्यावर येऊन थांबतें. हा भागाकार आम्हीं घरांत वाचून दाखविला, तेव्हां सौभाग्यवती म्हणाल्या, “आधीं तो नळ बोअरकडे वळवा, गाळणीचा खड्डा करून घ्या, आणि मग खुशाल वाळवंटांत जा.” अट वाजवी होती. गवंडी येत्या सोमवारीं येणार आहे. खड्ड्यांत भरण्यासाठीं त्यानें विटांचे तुकडे, खडी आणि वाळू सांगितली आहे, आणि वाळूसाठीं आम्ही शेजारच्या सज्जन घरमालकांकडे शब्द टाकून ठेवला आहे.